पांढरीतली पावलं

१

उंबरदऱ्यात कुणाचं धाबं गळायला लागलं की माणूस पाटी-खोरं घेऊन पांढरीवर जायचा. कोरेगाव सोडून पूर्वेला निघालं की जिथं ऊस संपतो आणि माळ सुरू होतो, तिथं हे गाव. गावाच्या उशाला एक टेकाड, तीच पांढरी. त्यावर ना झाड, ना पीक, नुसती राखेच्या रंगाची मऊ माती. कधीकाळी तिथं वस्ती होती म्हणे. कुणाची होती, ती कशानं उठली, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती माती धाब्यावर घातली की पाणी ठिबकत नाही, एवढं ज्ञान गावाला पुरत होतं. वैशाख आला की सगळा गाव टेकाड खरवडायचा आणि मातीत निघालेली खापरं पोरींना भातुकलीला द्यायचा.

हंबीररावाला मात्र तेवढं पुरेना. लढाई संपल्यावर पलटणीतून हवालदार होऊन तो घरी आला, तो डोक्यात एक खूळ घेऊनच. इटलीत त्यांची तुकडी ज्या गावात उतरली होती, तिथला न्हावीसुद्धा त्याला पडक्या भिंतीपाशी न्यायचा आणि हातवारे करून सांगायचा, आमच्या आधी इथं अमके होते, त्यांच्या आधी तमके. मग तो विचारायचा, तुमच्या गावात आधी कोण होतं? हंबीरराव आपल्या आज्याचं नाव सांगून गप्प बसायचा. ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

कोरेगावात नानासो गुरुजी म्हणून एक पेन्शनर मास्तर होते. जिल्ह्यातल्या मूळ माणसांचा इतिहास लिहायचा त्यांनी ध्यास घेतला होता. जो उठतो तो गड, घोडे आणि तलवारींपासून सुरुवात करतो, त्याच्या आधी काय इथं नुसती कुसळं उगवत होती, असं ते तावातावानं विचारायचे. हंबीररावाला हवा तो माणूस भेटला. गुरुजींनी लिहायचं आणि त्यानं खणायचं, असं ठरलं. हवालदार गेला बंदूक घेऊन आणि आला खुरपं घेऊन, म्हणून गाव हसला. गावाला हसण्याची सवय होती.

घरात मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याची बायको चंद्राबाई पोटुशी होती, आणि हे तिचं तिसरं. पहिली दोन बारशाच्या आतच गेली. दोन्ही वेळा हंबीरराव पलटणीत होता. पाळण्यातलं पोर जाळत नाहीत. सासूनं ती दोन्ही परड्यात, न्हाणीच्या भिंतीला लागून पुरली. सासूही आता नव्हती. चंद्राबाई आजसुद्धा न्हाणीतलं कढत पाणी त्या अंगाला ओतत नसे.

तिनं त्याच्या खणण्याला कधी नाट लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाकी कायबी करा, पर त्या टायमाला घरात ऱ्हावा."

"मी हाय की घरात."

"आता हायसा. तवा ऱ्हावा."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

२

माघ सरता सरता त्यानं टेकाडाच्या दक्षिणेला काम धरलं. गावानं वर्षानुवर्षं माती नेऊन तिथं चांगला उभा कडा केला होता. गवंड्याची थापी आणि शिंदीचा कुंचा एवढीच त्याची हत्यारं. थोडं आत गेल्यावर चोपलेली जमीन लागली. कडेनं पाहिलं तर तिच्यावर सारवणाचे थर, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. म्हणजे कुणी बाई इथं बसून सारवत होती, पाठोपाठ तिची सून, तिच्या पाठोपाठ आणखी कुणी. त्यानं हे मोठ्या नवलानं घरी सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, मग काय, त्यांची घरं आपोआप सारवली जायची व्हय?

जवळच बिराप्पा धनगराची मेंढरं बसलेली असायची. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून हंबीररावाचं काम बघत राही. त्याचा एकुलता पोरगा अर्जुना हंबीररावाच्याच तुकडीत होता आणि इटलीत सुरुंगावर पाय पडून गेला. त्याला गोळा करून मातीआड करणाऱ्यांत हंबीरराव होता. उजवं पाऊल काही केल्या सापडलं नाही. खंदकात, चिखलात, झाडाच्या बुंध्याशी, सगळीकडं शोधलं, आणि शेवटी तसंच पुरलं. परत आल्यावर बिराप्पानं पहिलं तेच विचारलं होतं.

"हवालदार, माझ्या पोराचं समदं हुतं न्हवं?"

"हुतं, तात्या. समदं हुतं."

त्यानंतरही म्हातारा मधूनमधून तेच विचारायचा, आणि हंबीरराव तेच उत्तर द्यायचा.

चुलीच्या जागेजवळ जमीन पोकळ वाजली म्हणून त्यानं सारवणाचा तो तुकडा अलगद उचलला. खाली एक बाई उताणी झोपली होती. मनगटात शंखाच्या बांगड्या होत्या, म्हणून बाई म्हणायचं. घरातच, आपल्या चुलीशेजारी पुरलेली. हंबीरराव कुंच्यानं माती झाडत डोक्यापासून खाली आला. कंबर, मांड्या, गुडघे, नडग्या, आणि तिथं सगळं संपलं. तिला पावलं नव्हती.

गुरुजींना निरोप गेला. ते बैलगाडीतून आले, चष्मा पुसपुसून बघितलं, आणि कोल्ह्यांनी नेली असतील म्हणाले. हंबीररावाला ते पटेना. कोल्ह्यानं फोडलेलं हाड कसं दिसतं आणि एका घावात तोडलेलं कसं दिसतं, हे त्यानं दोन्ही पाहिलं होतं. आणि वरची जमीन तर अखंड सारवलेली होती, तिच्याखाली कोल्हा शिरणार कुठून? पण मग घरच्याच माणसांनी घरच्याच बाईचे पाय का तोडावेत? गुरुजी गेले तरी तो नडग्यांकडं बघत बसला होता.

३

पावलं दुसऱ्या दिवशी सापडली. समोरच्या भिंतीच्या बुडाशी एक काळी थाळी पालथी घातली होती, तिच्याखाली दोन्ही नीट ठेवलेली. बाईपासून जितकी लांब ठेवता येतील तितकी लांब, त्याच घरात.

आणि बाई नि पावलं या दोन्हींच्या मधे, जमिनीत आडवी, दोन पोटफुगी मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली होती. त्यातलं एक जरा सरकलं होतं. फटीतून आत पाहिलं तर माती आणि काड्यांसारखी बारीक हाडं.

त्याच वेळी चंद्राबाई भाकरी घेऊन आली. इतक्या अवघडलेल्या अंगानं येऊ नको म्हणून तो रोज सांगायचा आणि ती रोज यायची. ती मडक्यांपाशी खाली बसली, आणि त्यानं काही सांगायच्या आत तिला कळलं.

"लेकरू हाय," ती म्हणाली. मग पदरानं मडक्यावरची माती पुसत म्हणाली, "परड्यात न्हाई टाकलं त्यांनी. घरात ठिवलं."

ही दोन्ही माणसं हंबीररावाच्या लेखी आता इतिहास राहिली नव्हती. मडकी इथं उघडी ठेवली तर मेंढरं खुरांनी फोडतील, म्हणून ती घरी नेऊन ठेवायची, असं चंद्राबाईनंच ठरवलं. तिनं ती स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून दिली, आणि संध्याकाळच्या आत मडकी सोप्यात कणगीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

राहिली ती बाई. तिला परत झाकायची होती. थापी हातात घेऊन हंबीरराव खड्ड्याच्या कडेला उभा राहिला, आणि त्याला ती अशी अर्धी झाकवेना. पलटणीत त्यानं कितीतरी माणसं पुरली होती. सापडेल तेवढं सगळं एकत्र करायचं, मगच माती लोटायची, हा तिथला रिवाज होता, आणि त्यात एकदाच खोट राहिली होती. इथं तर पावलं समोर होती.

त्यानं एकेक हाड उचलून नडग्यांच्या टोकाशी लावायला घेतलं. उजवं नीट जुळलं. डाव्याची बोटं मात्र आपसांत मिसळली होती. करंगळी कुठली, तिच्या शेजारची कुठली, कळेना. शेवटी अंदाजानं बसवली. करंगळी थोडी आत वळल्यासारखी दिसत होती, पण त्याहून चांगलं त्याला जमलं नाही.

बिराप्पा कधी जवळ येऊन उभा राहिला होता, त्याला कळलंच नाही. म्हातारा डोळे पुसत होता.

"लय बरं केलंसा, हवालदार," तो म्हणाला. "मानसाला कुटंबी जायाचं तर पाय पायजेत."

दोघांनी मिळून माती लोटली.

४

चंद्राबाई दर चार दिवसांनी सोपा सारवायची. सकाळी सारवलं की दुपार कलेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. ती मागल्या दारी ओट्यावर पडायची आणि हंबीरराव पुढल्या दारी लिंबाखाली खापरं धूत बसायचा. सोप्याला दारं दोनच, आणि दोन्ही राखलेली.

फाल्गुनातल्या एका दुपारी तिनं आतून हाक मारली, सोप्यात कोण गेलं होतं म्हणून. ओल्या सारवणावर उंबऱ्याच्या आत एकच पाऊल उमटलं होतं. उजवं.

कोण जाणार? हंबीररावाच्या समोरून चिमणीसुद्धा गेली नव्हती. चंद्राबाईनं आपलं पाऊल शेजारी धरून बघितलं. तिच्या बोटात जोडवी होती आणि या पावलाच्या बोटात नव्हती. ते रुंद होतं, टाच खोल, बोटं पसरलेली, कधी वहाण न घातलेल्या माणसाचं. शेजारची अंबूबाई विस्तव मागायला आली असेल आणि ओलं बघून मागं फिरली असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. मग दुसरं पाऊल कुठाय, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. त्यानं तो विचारला नाही.

पुढच्या सारवणाला दोन पावलं उमटली, पण ती उंबऱ्यापासून सुरू होत नव्हती. मागच्या वेळी जिथं पाऊल होतं, त्याच्या पुढून सुरू होत होती. मधल्या दिवसांत कुणीतरी तिथंच उभं असावं, आणि जमीन ओली झाल्यावर पुढं निघावं, तसं.

हंबीररावाची झोप उडाली. तो शहाणा माणूस होता, भुताखेतांच्या गोष्टींना पलटणीत सगळ्यात मोठ्यानं हसायचा. त्यानं अंबूबाईला आडून विचारलं, कुत्र्याला बांधून ठेवलं, उंबऱ्यावर राख पसरून बघितली. राखेवर काही उमटायचं नाही, सारवणावर उमटायचं. घरात उभं राहिलं की त्याला वाटायचं आपण कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत, आणि तो कारण नसताना बाजूला सरकायचा. चंद्राबाई मात्र कधी नव्हे ती शांत होती. तिची झोप सुधारली होती. कणगीमागच्या कोपऱ्यात ती रोज हात पुसून जायची आणि मडक्यांवरून फडकं फिरवायची.

शेवटी एका सारवणाच्या दिवशी तो पहारा देतात तसा उंबऱ्यावरच बसला. पाठ चौकटीला, डोळे जमिनीवर. भर दुपार होती. धाब्यातल्या उजेडाच्या भोकातून उन्हाची तिरीप खाली आली होती आणि ओलं सारवण सगळीकडं सारखं चमकत होतं. घरात एक बारीक आवाज होता, कोरडी माती बोटांत चुरावी तसा. तो कुठून येतो हे त्याला ठरवता येईना. बाहेर बिराप्पाच्या मेंढराची घंटा वाजली. त्यानं मान वळवली, आणि लगेच परत वळला.

कणगीच्या अलीकडं दोन ताजी पावलं होती. त्यांच्या कडा अजून हळूहळू आत ढासळत होत्या.

उजवं सरळ पडलं होतं. डावं जरा फरपटत. आणि डाव्याची करंगळी आत वळलेली होती.

ते पाऊल त्यानं ओळखलं. ते त्यानंच बसवलेलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कणगीमागची मडकी उचलली. हिला हिचं लेकरू हवं असेल, तर ते तिच्या जागी नेऊन ठेवावं. आणि पावलं परत सुटी करून, भिंतीशी, थाळीखाली. ज्यांनी ती तोडली होती, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, एवढंच त्याला आता वाटत होतं.

चंद्राबाई दारात आडवी उभी राहिली. दिवस भरत आले होते, चेहरा ओढलेला होता.

"आज नगा जाऊ," ती म्हणाली.

"आलोच. टेकाड काय लांब हाय?"

"तुमी सबुद दिलाय मला."

"त्याच्यासाटीच चाललोय, चंद्रे."

ती बाजूला झाली. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

टेकाडावर ऊन तापायला लागलं होतं. मडकी सावलीला ठेवून त्यानं कुदळ हातात घेतली. माती त्यानं आणि बिराप्पानं लोटली होती तशीच होती, वर मेंढरांच्या लेंड्यासुद्धा तशाच. कुणी उकरल्याची खूण नव्हती. त्यानं मनाला बजावलं की आत ती असणार, जशी झोपवली तशी. मग आपण आपल्यालाच हसू, घरी जाऊन चंद्राबाईची माफी मागू.

तो खोल गेला. शंखाच्या बांगड्या लागल्या. त्या मनगटांच्या जागी होत्या, पण त्यांत मनगटं नव्हती. बाकीची माती त्यानं हातानं उपसली. जमिनीत एक लांबट खोलगट जागा होती, आतून गुळगुळीत, अंथरुणातून माणूस उठून गेल्यावर राहते तशी. एक दातसुद्धा मागं राहिला नव्हता.

तो किती वेळ तिथं बसला होता कुणास ठाऊक. टेकाडाखालून बिराप्पा काठी उंचावून ओरडत होता.

"हवालदार! घराकडं पळा! तुमच्या मानसाला कवाच्या कळा लागल्यात!"

दिलेला शब्द मोडला, हे एकच त्याच्या डोक्यात आलं. मडकी काखेत मारून तो उतारावरून धावत सुटला.

६

तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. राहीबाई सुईण ओट्यावर हात धूत बसली होती.

पोरगी झाली होती. जिती होती. आतून तिचा बारीक आवाज येत होता, आणि हंबीरराव भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

राहीबाईनं त्याला रडू दिलं. मग सांगायला लागली. पोरगी निळी पडूनच आली होती. नाळ गळ्याभोवती. तिनं उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, कानाशी थाळी वाजवली, सगळं केलं. शेवटी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, कारण चंद्राबाईला सांभाळायचं होतं.

"तवा तुमी धाडल्याली ती बाई पुढं झाली," राहीबाई म्हणाली.

"कोन बाई?"

"कोन ते मला काय म्हाईत? मी आले तवाच कणगीपाशी बसली हुती, अंधारात. मला वाटलं तुमची कोन पावणी. बोलली न्हाई चालली न्हाई. उठली, लेकरू मांडीवर घेतलं, आन् त्याच्या तोंडाला तोंड लावलं." राहीबाईनं आपले ओले हात पुन्हा धुतले. "तोंडाला तोंड लावून कितीतरी वेळ बसली. मग पोरगी रडली."

"आन् ती?"

"मी चंद्राबाईकडं वळले. परत बघितलं तर न्हवती. डाव्या पायानं लंगडत हुती, हवालदार. तिच्या अंगाला पांढरीचा वास येत हुता."

हंबीरराव आत गेला. चंद्राबाईनं सकाळी, तो गेल्यावर, कळा सोसत सोपा सारवला होता. बाळंतपण घरात व्हायचं म्हणून. राहीबाईचं येणंजाणं मागल्या दारानं झालं होतं. कणगीपासून बाजेपर्यंत पावलांची ओळ गेली होती. बाजेच्या कडेला ती संपत होती. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

त्यानं काखेतली मडकी खाली ठेवली. चंद्राबाई जागी होती. त्यानं तिला काही विचारायच्या आत तीच बोलली, अगदी हळू.

"मला दोन धरता आली न्हाईत. तिनं ही धरली. ऱ्हाऊ द्या तिला."

त्या आठवड्यात हंबीररावानं कणगी हलवली, कोपऱ्यात खड्डा घेतला आणि ती दोन मडकी तोंडाला तोंड लावून आपल्याच सोप्याच्या जमिनीत ठेवली. वरून चोपलं. सारवायला मात्र तो स्वतः बसला. बायकांचं काम करतोय म्हणून गाव पुन्हा हसला.

७

पोरीचं नाव मनु ठेवलं. मधे देशात स्वातंत्र्य आलं, चावडीवर झेंडा लागला, पेढे वाटले, आणि मनु पालथी पडायला लागली. तिला कधी ताप आला नाही, कधी नजर लागली नाही. सारवणाच्या दिवशी पाळण्याभोवती पावलं उमटत, आत वळलेल्या करंगळीची, आणि वाळली की दिसेनाशी होत. माणसाला कशाचीही सवय होते. हंबीररावाला मात्र ती सवय धड लागली नाही. तो पाळण्याकडं पाठ करून कधी बसत नसे, आणि बिराप्पा दिसला की वाट बदलायचा.

हिवाळ्यात नानासो गुरुजी येऊन गेले. त्यांचा इतिहास लिहून होत आला होता. उंबरदऱ्याच्या मूळ माणसांवर एक अख्खं प्रकरण होतं: ती घरं कशी बांधत, काय पिकवत, भांडी कशी भाजत. फक्त एक जागा मोकळी राहिली होती. आपल्याच माणसांचे पाय ती का तोडत होती? कोल्ह्यांचं काही गुरुजींना आता पटत नव्हतं, आणि हवालदार, तुम्ही ती पावलं डोळ्यांनी बघितलीत, तुम्हाला काय वाटतं, असं त्यांनी विचारलं.

मनु त्या वेळी कणगीशी बसून एकटीच खिदळत होती. गुरुजींनी कौतुकानं तिच्याकडं बघितलं.

"कोल्हेच असतील, गुरुजी," हंबीरराव म्हणाला.

चैत्रात मनु चालायला लागली. चंद्राबाई पाणवठ्यावर गेली होती. सकाळी सारवलेला सोपा अजून पुरता वाळला नव्हता आणि हंबीरराव उंबऱ्यावर बसून दोरी वळत होता. पोरगी कणगीपासून उठली, डुलली, आणि भुईला हात न टेकता चालत सुटली. त्याच्या तोंडून आपोआप शाबास निघून गेलं. ती त्याच्याकडं येत होती, दोन्ही हात पुढं करून. मग त्याच्या लक्षात आलं की दोन नाही, एकच हात पुढं आहे. दुसरा वर होता, कुणाच्या तरी बोटाला धरल्यासारखा.

त्यानं जमिनीकडं पाहिलं. ओल्या सारवणावर तिची चिमुकली पावलं उमटत होती, आणि त्यांच्या शेजारी, अर्धं पाऊल पुढं, ती मोठी. वर्षभर ती पाळण्याभोवती फिरली होती. आज पहिल्यांदा ती दाराकडं निघाली होती.

मनु त्याच्यापाशी आली आणि थांबली नाही. त्याच्या मांडीला वळसा घालून उंबऱ्याकडं, बाहेरच्या लखलखीत उन्हाकडं, टेकाडाकडं तोंड करून निघाली. त्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून मांडीत दाबली. ती कासावीस होऊन बाहेर ओढ घ्यायला लागली. इतक्या लहान अंगात एवढा जोर असतो हे त्याला माहीत नव्हतं. मग ओढणारी ती एकटी नाही, हे त्याच्या हातांना कळलं.

भिंतीवर कोयता टांगलेला होता. त्याची नजर तिकडं गेली, आणि गुरुजींच्या पुस्तकातली ती मोकळी जागा आपोआप भरून निघाली. ती माणसं क्रूर नव्हती. पाय असले की माणूस निघून जातो, आणि त्यांना आपलं माणूस घरातच राहायला हवं होतं.

त्यानं डोळे गच्च मिटले. मनुचे दोन्ही घोटे त्यानं मुठीत धरले आणि चंद्राबाईच्या नावानं हाका मारायला सुरुवात केली. पोरगी दाराबाहेर बघून हसत होती. त्यानं मुठी सोडल्या नाहीत.